अंकांनी लिहिलेले सारे संख्या नसते

बाहेरगावाहून नागपूरला फोन लावताना आधी ०७१२ हे अंक फिरवावे लागतात. या ०७१२ ची दुप्पट किती, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. हा संकेतांक अंकांनी लिहिलेला असला तरी ती मोजून आलेली राशी नाही; ते शहराचे एक नावच आहे. तुम्हाला हे सहज कळते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

आज अनेक शाळांतून मुले पायथनसारख्या भाषेत आज्ञावली लिहितात आणि लवकरच एखाद्या वेब सर्व्हिसकडे वळतात. वेब सर्व्हिस म्हणजे दूरच्या संगणकाची चौकशीची खिडकी. आपली आज्ञावली तेथे प्रश्न धाडते व उत्तर आणते. नागपूरचे तापमान हवे असेल, तर अक्षांश २१.१५ आणि रेखांश ७९.०९ पाठवायचे. हा मजकूर पुष्कळदा ‘जेसन’ या पद्धतीने लिहितात. तिचा नियम सोपा आहे : अवतरणचिन्हांत लिहिले तर अक्षरे, त्यांच्याशिवाय लिहिले तर संख्या. खिडकीला संख्या हवी असताना अक्षरे गेली, तर शिस्तीची सर्व्हिस ४०० किंवा ४२२ क्रमांकाचा नकार देऊन विनंती परत करते.

येथे बरेच विद्यार्थी एक घातक युक्ती करतात. अवतरणचिन्हे कधी घालून, कधी काढून पाहायची आणि नकार थांबला की काम झाले असे मानायचे! माझा आक्षेप याला आहे. नकार हा आपला शत्रू नव्हे. खरा धोका आहे तो निमूटपणे चुकीचा अर्थ लावून पुढे जाण्यात.

पुन्हा ०७१२ कडे पाहा. हे अंक संख्या म्हणून जेसनमध्ये लिहिता येत नाहीत, कारण तेथे संख्येच्या आरंभी फालतू शून्य चालत नाही. तक्ते करणाऱ्या आज्ञावलीत तेच अंक टाकले, तर शून्य गळून ७१२ उरतात. आणि सी भाषेत? तेथे आरंभीचे शून्य म्हणजे अष्टमान पद्धतीची खूण. म्हणून ७×६४ + १×८ + २, म्हणजे ४५८! यांपैकी जेसनने तक्रार तरी केली. उरलेल्या दोघांनी गुपचूप नागपूरचे नाव बदलले.

आपला सातबाराही असाच. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांवरून हे नाव पडले. पण ७/१२ हा भागाकार समजला, तर उत्तर सुमारे ०.५८ येते, तक्त्यात टाकला, तर त्याची तारीख होते. १२/३ असा गट क्रमांक एखाद्या यादीत तारीख होऊन बसला, तर ज्या शेतकऱ्याची ती जमीन आहे, त्याने आपले शेत कोठे शोधावे? शास्त्रज्ञांनाही हा त्रास झाला आहे. ‘मार्च १’ अशा धर्तीची जनुकांची नावे तक्त्यांत तारखा होऊन जात. अखेर २०२० साली नामकरण समितीने अशा जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. त्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. प्रत्यक्ष किंमत तिच्याहून मोठी निघाली.

मग नकार आला तर काय करावे? प्रथम तो पूर्ण वाचा. क्रमांक चारशेच्या घरातला असेल, तर दोष बहुधा आपल्या विनंतीत असतो. पाचशेच्या घरातला असेल, तर पलीकडच्या संगणकात. त्यानंतर आपण काय पाठवले ते छापून पाहा. काय पाठवले असे वाटते, ते नव्हे. सर्व्हिसच्या माहितीपत्रकाशी एकेक रकाना ताडा. मग मुद्दाम अवघड किंमती द्या : आरंभी शून्य असलेली, अपूर्णांकाची, रिकामी, सोळा-सतरा अंकी.

कोणी म्हणतील, नवशिक्यांना एवढी शिस्त कशाला? पण भौतिकशास्त्रात आपण पहिल्याच प्रयोगापासून एकके लिहायला लावतो. मीटरमध्ये किलोग्रॅम मिळवता येत नाहीत, हे ज्याला समजले, त्याला हेही समजेल. माझी शिक्षकांना सूचना आहे की, निरीक्षणांच्या तक्त्यात जसा एककाचा रकाना असतो, तसा आज्ञावलीच्या वहीत ‘प्रकार’ असा रकाना सक्तीचा करावा.

आणि मित्रांनो, तुम्ही आजच एक प्रयोग करा. आपला परीक्षेचा आसन क्रमांक, गुण, उंची, पिन कोड आणि घरचा मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे विचारा : साऱ्या वर्गाची याची सरासरी काढली, तर तिला काही अर्थ असेल का? असेल तर ती संख्या. नसेल तर ते नाव आहे. ते अवतरणचिन्हांत ठेवा.