मोझेलकाठच्या वाटण्या

एखादी कला एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे असे कोणी सांगितले की आपण लगेच हळवे होतो. जर्मनीतील वाइन करणाऱ्या घराण्यांविषयी जे लिहिले जाते त्यात तर हा हळवेपणा फारच. थंडगार तळघर, ओकची जुनी पिंपे, भिंतीवर पणजोबांची तसबीर, आणि शेवटी रक्तातच असलेल्या कौशल्याचे गुणगान! माझे मत याहून वेगळे आहे. या घराण्यांची खरी कथा तळघरात सापडत नाही, ती जमिनीच्या कागदांत सापडते. (मद्याचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या वाचकांनी हा लेख शेतीविषयक समजून वाचावा. तो बव्हंशी तसाच आहे.)

मोझेल ही ऱ्हाइनला मिळणारी नागमोडी नदी. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या झार नदीच्या काठचे डोंगर पाटीच्या दगडाचे आहेत. आपण लहानपणी ज्या पाटीवर बाराखडी गिरवली त्याच जातीचा हा दगड. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो. इतक्या उत्तरेला रीस्लिंग जातीचे द्राक्ष पिकते त्याचे एक कारण हे, आणि दुसरे म्हणजे डोंगराचा उभा चढ. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर सूर्याचे किरण सरळ पडतात. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट डोंगराचा चढ तर काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांचा आहे. तिथे बैल नाही, ट्रॅक्टर नाही. माणसानेच वर चढायचे, प्रत्येक वेल तिच्या स्वतंत्र खुंटाला बांधायची, छाटणी करायची आणि घड तोडून खाली आणायचे. फार तर रुळावरून सरकणारी एखादी छोटी गाडी मदतीला.

आता ही जमीन घराण्यांकडे आली कशी? मोझेलवरील कितीतरी उत्तम मळे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मठांचे आणि चर्चचे होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजा १७९४ मध्ये येथे आल्या, चर्चची मालमत्ता जप्त झाली आणि पुढे ती विकली गेली. विल्टिंगनजवळचा शार्त्सहोफ हा मळा आज जगातील अत्यंत महाग वाइनसाठी प्रसिद्ध आहे. तो म्युलर घराण्याच्या पूर्वजाने १७९७ साली अशाच विक्रीत घेतला. तेव्हापासून तो त्याच घरात आहे, आणि पिढ्यामागून पिढ्या मालकाचे नावही एगॉन म्युलर हेच! म्हणजे आज परंपरेचे प्रतीक म्हणून मिरवणारे हे घराणे मालक झाले ते परंपरा उलथून टाकणाऱ्या क्रांतीमुळे. आमच्या इतिहासाच्या वर्गात हे उदाहरण का येऊ नये?

फ्रेंचांनी जाताना आणखी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे त्यांचा दिवाणी कायदा. बापाच्या मालमत्तेत सर्व मुलांचा समान वाटा, मुलींचाही. प्रशियाचे राज्य आले तरी ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर हा कायदा १९०० पर्यंत चालू राहिला. न्याय म्हणून तो उत्तम. पण मळ्याचे काय? वेलन गावच्या प्र्यूम घराण्यातील योडोकस प्र्यूम याने १८४२ मध्ये नदीपलीकडच्या डोंगरात, मळ्यात राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून, एक मोठे सूर्यघड्याळ बसवले. त्यावरून त्या मळ्यालाच ‘सूर्यघड्याळ’ हे नाव पडले. १९११ मध्ये या घराण्याची मालमत्ता सात अपत्यांत वाटली गेली. त्यातल्या योहान योझेफ याच्या वाट्यातून आजची प्रख्यात वायनरी उभी राहिली. इतर वाटे वेगवेगळ्या घरांत गेले. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होऊन सातबाऱ्यावर गुंठ्यांचे हिशेब येतात, आणि त्यासाठी १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा करावा लागला, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. दुखणे तेच आहे.

तरीही हे मळे टिकले, ते कोणीतरी एकाने मागे राहायचे ठरवले म्हणून. रक्ताचा महिमा मला एवढाच दिसतो. योहान योझेफ यांच्यामागून मुलगा झेबास्टियान, १९६९ मध्ये तो वारल्यावर नातू मानफ्रेड, आणि आता पणती काटारिना. या काटारिनाबाईंनी कायद्यात डॉक्टरेट मिळवली आहे. त्यांना शहरात उत्तम वकिली करता आली असती. वाइन करण्याचे गुण जन्मजात असते, तर मागे राहण्याचा असा निर्णय दर पिढीत नव्याने घ्यावा लागला नसता.

अशा कुटुंबांच्या पाठीशी सरकारने उभे राहायला हवे होते. घडले उलटेच. १९७१ च्या पश्चिम जर्मन कायद्याने द्राक्षांच्या रसातील साखरेवर वाइनची प्रतवारी ठरवली. मळा कुठला, चढ किती, हा प्रश्नच उरला नाही. सपाट जमिनीवर लवकर पिकणाऱ्या हलक्या जाती लावून तो साखरेचा आकडा गाठणे सोपे होते. शिवाय जवळजवळ तीस हजार मळ्यांची जुनी नावे एकत्र करून सुमारे २,६०० वर आणली गेली. पीसपोर्ट गावचा ‘गोल्डट्रोप्फशेन’ हा उभ्या डोंगरातील खरा मळा. ‘पीसपोर्टर मिशेल्सबर्ग’ हे नाव मात्र आसपासच्या अनेक गावांतील, सपाट शेतांतीलही, वाइनला लावता येऊ लागले. दुकानात बाटली घेणाऱ्याला यातला भेद कसा कळावा? सरकारी शिक्क्यानिशी केलेली ही फसवणूकच होय, असे मी म्हणतो. जर्मन वाइन म्हणजे स्वस्त, गोडमिट्ट पाणी ही अपकीर्ती पुढे जगभर पसरली आणि ती डोंगरावर घाम गाळणाऱ्यांनाही भोवली. मूळ मळ्याला मान देणारी सुधारणा कायद्यात झाली २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी!

ग्राहकाला स्वस्त वाइन मिळाली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. काहीच नाही, स्वस्त वाइन जरूर विकावी, पण स्वतःच्या नावाने.

मोझेल खोऱ्यात १९९० च्या सुमारास बारा हजारांहून अधिक हेक्टरांवर द्राक्षबागा होत्या. आज त्या नऊ हजारांच्याही आत आल्या आहेत. अवघड उतार प्रथम सोडले जातात, आणि ज्या घरात मागे राहणारे कोणी नाही त्या मळ्यावर काटेरी झुडपे माजतात. त्यातच हवामान पालटते आहे. बर्फ-वाइनसाठी घड वेलीवरच उणे सात अंशांपर्यंत गोठावे लागतात. २०१९ च्या पिकातून संपूर्ण जर्मनीत ती एक थेंबही झाली नाही. थंडी कोणा सरकारच्या हातात नाही, हे कबूल. पण उभ्या चढावर राबणाऱ्याला सपाटीवरच्यापेक्षा कितीतरी अधिक मजुरी पडते, आणि तो डोंगर पाहायला येणारे हजारो प्रवासी तिचा छदामही देत नाहीत. ती भरपाई सरकारी तिजोरीतून पुरेशी आणि दर वर्षी व्हावी, असे माझे मत आहे. पुढच्या पिढीतील एखादी मुलगी वकिली सोडून डोंगरावर परतायचे की नाही हे ठरवील, तेव्हा पणजोबांच्या तसबिरीपेक्षा त्या रकमेकडेच ती आधी पाहील.