पत्रक आधी, माल मागाहून

जानेवारी महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तेवढ्यात एक वयोवृद्ध उपासिका जवळ आली आणि पदराखालून तिने वर्तमानपत्राची एक पुडी काढली. आत अर्धवट जळालेल्या पाच मेणबत्त्या होत्या. एक वाकडी झालेली, दोन एका अंगाने ओघळलेल्या, उरलेल्या दोघींची वात मेणात बुडून विझलेली.

"भाऊ, पैसं नकोत मला," ती म्हणाली. "आपल्या पोरींच्या हातच्या म्हणून घेतल्या. पण बाबासाहेबांच्या फोटोची काच काळी झाली बघा. पुसून पुसून निघंना. आता आपल्या दुकानातल्याच आणते."

तिने पुडी आमच्या हातात दिली आणि ती निघून गेली. रागावली असती तर बरे झाले असते.

वाचक बंधू-भगिनींनो, या मेणबत्त्या आमच्या बेगडेवाडीतल्या महिला बचत गटाने केल्या होत्या. करा, असे सांगणारे आम्ही. गटाचा हिशेब आम्ही पाहतो, बी.कॉम. आहोत, कचेरीत कारकुनी करतो, त्यामुळे धंद्यातले आम्हांला कळते असा वस्तीचा समज. तो आमचाही होता.

शेजारच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहून आलेली. दरवर्षी त्या दिवशी धम्मबांधव मोठ्या संख्येने तिथे वंदनेला येतात, आणि प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, अगरबत्ती, फुले असतात. मग ती मेणबत्ती आपल्या भगिनींनी केलेली का नसावी? विचार वाईट नव्हता. बारा जणींनी प्रत्येकी ५०० रुपये काढले. कोणी धुण्याभांड्याच्या पगारातून, कोणी मुलाच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर ढकलून.

त्या ६,००० रुपयांचा हिशेब आमच्या वहीत आजही आहे. साचा २,२००. मेण, वात आणि पुड्यांचा कागद मिळून २,१००. छापील पत्रके आणि फलक १,७००. करून, जाळून, बिघडवून पाहण्यासाठी शून्य. तो रकाना आम्ही आखलाच नव्हता.

पत्रकाचा मजकूर आम्हीच लिहिला. 'धूर नाही, ओघळ नाही, शेवटपर्यंत शांत जळणारी' असे त्यात ठळक अक्षरांत होते. ते लिहिले तेव्हा एकही मेणबत्ती तयार झालेली नव्हती! साचा त्यानंतर चार दिवसांनी आला. शेवटच्या आठवड्यात रात्री कामावरून येऊन भगिनींनी मेण ओतले, सकाळी साचा उघडला, पुड्या बांधल्या. एक मेणबत्ती पेटवून पाहिली, ती दोन मिनिटे नीट जळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ती फुंकून टाकली. दोन मिनिटांत काय कळणार?

२५ डिसेंबरला साठच्या साठ पुड्या दुपारच्या आत संपल्या. पन्नास रुपयांना पुडी, म्हणजे दुकानापेक्षा महागच. तरी लोकांनी घेतल्या. पंचशील ग्रहण करून, खोटे बोलणार नाही असे म्हणून लोक बाहेर येत होते आणि दारात आम्ही त्यांच्या हातात ते पत्रक देत होतो. ही गोष्ट त्या उपासिकेची पुडी हाती येईपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. त्याच विहारात दोन महिने आधी आम्ही कालाम सुत्तावर बोललो होतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे समजावून सांगितले होते. आणि मालाच्या बाबतीत आमचे म्हणणे मात्र असे की आम्ही सांगतो म्हणून घ्या.

यानंतर तरी थांबायचे. आम्ही थांबलो नाही. १४ एप्रिल जवळ आली तेव्हा गटातल्या एक-दोघी म्हणाल्या, "दादा, आधी वात बदलून बघू." आम्ही म्हटले, ते हळूहळू होईल, यंदा फलक मोठा लावू, टेबलावर निळे कापड घालू. जयंतीच्या दिवशी दुपारपर्यंत पाच पुड्या गेल्या, त्यातल्या तीन गटातल्याच घरांत. ओळखीची माणसे टेबलापाशी येत, जयभीम घालत, मुलांची चौकशी करत आणि पुढे जात. कोणी वाईट बोलले नाही. चार वाजता ऊन टेबलावर आले आणि उरलेल्या मेणबत्त्या पुडीतच वाकल्या.

आपला समाज आपल्या माणसाचा माल एकदा प्रेमाने घेतो. किंमत विचारत नाही, खोड काढत नाही. पण दुसऱ्यांदा तो घरी काय घडले ते आठवून घेतो. पहिल्या वेळच्या प्रेमावर गल्ला भरला की आम्हांला वाटते धंदा जमला. प्रत्यक्षात ती चळवळीची पुण्याई असते आणि आपण ती साठ पुड्यांत खर्च करून बसतो. वेष्टनावर बाबासाहेबांचे चित्र छापण्याची सूचनाही गटात आली होती. छापले नाही हे नशीब. वाकड्या मेणबत्तीवर ते चित्र आम्हांला पाहवले नसते.

माल चांगला असला की आपोआप खपतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लंडनहून परतल्यावर, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, बाबासाहेबांनी शेअरबाजाराच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ल्यात खोट नव्हती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता तो. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. आजही आपल्या भगिनीने केलेले लोणचे आडनाव वाचून परत ठेवणारे हात आहेत. तो अन्याय आहे आणि त्याच्याशी वेगळे लढावे लागते. पण आमच्या मेणबत्त्या जातीमुळे परत आल्या नव्हत्या. त्या आपल्याच माणसांनी परत केल्या, आणि त्या काजळी धरत होत्या म्हणून केल्या. या दोन गोष्टींची सरमिसळ करून स्वतःची समजूत घालणे फार सोपे असते. एप्रिलच्या त्या संध्याकाळी आम्हीही ती करून पाहिली.

मे महिन्यात गटाची बैठक झाली तेव्हा आम्ही लिज्जत पापडाची हकीगत सांगितली. ती पुष्कळांनी ऐकलेली असते, पण अर्धीच. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हे सगळ्यांना ठाऊक असते. पुढची गोष्ट अशी की सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी ते थांबवले. एकच प्रत करा, उत्तम करा, त्यात तडजोड नको, असे त्यांनी बजावले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांनी चार महिने काम बंद ठेवले. ओलसर पापड विकले नाहीत. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला, पापड खाटेवर पसरले, स्टोव्ह खाली ठेवला आणि पावसातही काम चालू राहिले. पुढे याच संस्थेने आगपेट्या आणि अगरबत्तीही करून पाहिली, ते मात्र चालले नाही. म्हणजे लिज्जतचे नाव असूनही अगरबत्ती खपली नाही. मग आमच्या निळ्या कापडाचे काय घेऊन बसलात?

हकीगत ऐकून गटातली सर्वांत धाकटी सून म्हणाली, "म्हणजे चार महिने आपण काही विकायचं नाही?" आम्ही म्हटले, नाही. ती म्हणाली, "मग मी वही घालते."

शाळेच्या त्या दोनशे पानी वहीत आज सत्तरच्या वर मेणबत्त्यांची नोंद आहे. कोणती वात, किती मेण, किती वेळ जळली, कशी विझली. त्यातून जे कळले ते इथे देतो, दुसऱ्या वस्तीत कोणी हे काम करत असेल तर उपयोगी पडेल. काजळीचे कारण जाड वात. जाड वात मेण जास्त ओढते, ज्योत मोठी होते आणि धूर धरते. उलट वात फार बारीक असली तर भोवती मेणाचे तळे साचते आणि ती बुडते. आमच्या पुडीत दोन्ही दोष होते, कारण वात दोन वेगळ्या गुंड्यांतली होती आणि कोणी पाहिले नव्हते. साच्याच्या जाडीप्रमाणे वात ठरवावी लागते, आणि ती जाळूनच ठरते. पेटवण्याआधी वात पाव इंचावर कापली तर ज्योत शांत राहते.

मेणबत्ती उन्हात वाकली ती नुसत्या मऊ मेणामुळे. किलोला ५० ते १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घातले की मेण कडक होते आणि साच्यातून सहज सुटते. थंड होताना मेण आकसते, वातीजवळ खड्डा पडतो, तिथे थोडे मेण पुन्हा ओतावे लागते. आम्ही ते ओतलेच नव्हते, म्हणून मेणबत्त्या आतून पोकळ. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये, पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून वितळवावे. पेटलेच तर पाणी मारू नये, झाकण घालून गॅस बंद करावा. ही शेवटची ओळ वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेली आहे.

जून संपता संपता घरात मेणबत्ती सुरेख जळू लागली. सगळ्या खूश. आम्ही पुन्हा पत्रकाचा विषय काढला, सवय जात नाही! पण धाकट्या सुनेने एक मेणबत्ती विहारात नेऊन लावली आणि ती पुन्हा एका बाजूने ओघळली. वर पंखा चालू होता. घरी तपासताना पंखा बंद ठेवून बसत होतो, आणि गिऱ्हाईक तर पंख्याखाली बसूनच वंदना घेणार. तेव्हापासून प्रत्येक वाणाची एक मेणबत्ती पंख्याखाली आणि एक दुपारी पत्र्याजवळच्या खिडकीत ठेवली जाते.

या दिवसांत बाबासाहेबांच्याच कामाची एक बाब आम्ही भगिनींना सांगितली. धम्म हा काही माल नव्हे, ती तुलना आम्ही करत नाही. पण काम पक्के करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९५१ मध्ये त्याचा मसुदा निराळ्या नावाने सुमारे ५० प्रती छापून त्यांनी खाजगी रीतीने वाचायला दिला होता. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, नोव्हेंबरमध्ये सभागृहात आला, त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढा विद्वान माणूस आपले लिखाण लोकांच्या कात्रीखाली देतो. आम्ही चार ओळींचे पत्रक कोणाला दाखवले नव्हते.

लोकलने मळवलीला उतरले की कार्ल्याची लेणी जवळ आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा शिलालेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे त्यात चक्क म्हटले आहे, म्हणजे जाहिरातच म्हणा ना! पण त्याच लेखात ते पूर्ण करवल्याचेही म्हटले आहे. आमच्या बेगडेवाडीजवळ शेलारवाडीच्या डोंगरातही एक लेख आहे, एका शेतकरी कुटुंबातल्या स्त्रीने लेणे दान दिल्याचा. त्यात उत्तम वगैरे काही नाही, दिले एवढेच आहे. पावसाळ्यात एका रविवारी गटातल्या भगिनींना आम्ही तिकडे घेऊन गेलो. त्यांना कार्ल्याच्या शेठपेक्षा ही बाई जास्त आवडली.

सध्या वर्षावास चालू आहे. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. गटाने ठरवले आहे की पाच पुड्या पाच घरी फुकट द्यायच्या, नाव न छापता, आणि अशाच घरी द्यायच्या जिथे तोंडावर सांगतात. पहिले घर त्या उपासिकेचे. पुडी द्यायला धाकटी सून गेली. आम्ही यायचे नाही असे तिने आधीच सांगितले होते, कारण आमच्यासमोर म्हातारी भिडेने चांगलेच म्हणेल. ती म्हातारीच्या घरी तासभर बसली. फोटोची काच आता स्वच्छ होती. म्हातारीने एक मेणबत्ती पेटवली, पंखा मुद्दाम मोठा केला आणि म्हणाली, "बघते पौर्णिमेपर्यंत."

पौर्णिमेला अजून नऊ दिवस आहेत.