टीप द्या, उपकार दाखवू नका!

डिसेंबर उजाडला की न्यूयॉर्कच्या अपार्टमेंट इमारतींत घरोघरी एक कार्ड येतं. वर नाताळच्या शुभेच्छा आणि खाली इमारतीच्या कर्मचाऱ्यांची नावं. सुपर, म्हणजे सगळी देखभाल पाहणारा सुपरिंटेंडेंट, दारावरचे डोअरमन, दुरुस्तीची कामं करणारा हँडीमन, जिने पुसणारे, कचरा काढणारे पोर्टर. कार्डावर पैसे कुठेही मागितलेले नसतात. पण त्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो. वर्षअखेरची टीप द्यायची वेळ झाली.

आणि नेमक्या याच वेळी आपल्या परदेशस्थ मराठी बांधवांना तत्त्वज्ञान सुचू लागतं. कुणी म्हणतो, एवढं भाडं भरतो, वर हे कशाला? कुणी म्हणतो, ही तर लाच झाली. कुणी म्हणतो, आपल्या संस्कृतीत असलं काही नाही. आणि आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही, की आमच्याच चळवळीत वाढलेली, शिकून तिकडे गेलेली काही मंडळीही म्हणतात: टीप म्हणजे बलुतंच की! माणसाच्या स्वाभिमानाला कमीपणा आणणारी प्रथा. म्हणून आम्ही देणार नाही.

एकेकाचा समाचार घेऊ.

'आपल्या संस्कृतीत नाही' हे धादांत खोटं आहे. दिवाळीची पोस्त कुणाच्या संस्कृतीत आहे मग? पोस्टमन, पेपरवाला, कचरेवाला, वॉचमन दिवाळीत दारात उभे राहिले की आपल्या घरांतून काय दिलं जात होतं? फरक इतकाच की इथे वीस-पन्नास रुपये आणि कालच्या फराळाची पुडी देऊन भागत होतं. तिथे रक्कम डॉलरमध्ये मोजावी लागते, म्हणून अचानक संस्कृती आठवते.

लाच म्हणाल, तर लाच काम अडवून घेतली जाते. न्यूयॉर्कचा डोअरमन टीप न देणाऱ्यासाठीही दार उघडतो, त्याचंही पार्सल सांभाळतो. आणि भाडं म्हणाल, तर ते इमारतीच्या मालकाच्या खिशात जातं. त्यातून पोर्टरला किती मिळणार हे तुमच्या मनाच्या मोठेपणावर ठरत नाही. ते ठरतं संघटनेच्या ताकदीवर. या शहरातल्या डोअरमन, सुपर, पोर्टर यांची मोठी संघटना आहे, ३२बीजे. दर काही वर्षांनी मालकांच्या रिअल्टी अ‍ॅडव्हायजरी बोर्डाशी तिचा करार होतो. १९९१ साली या कामगारांनी बारा दिवस संप केला होता. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी पार्क अ‍ॅव्हेन्यूवर जमून संपाच्या बाजूने कौल दिला आणि मुदत संपण्याआधीच मालकांना करार करावा लागला. पगार, आरोग्य विमा, पेन्शन ही या लोकांनी लढून मिळवलेली कमाई आहे. ती कुणाची भीक नाही.

आता आमच्या माणसांच्या मुद्द्याकडे येऊ. तो गंभीर आहे, म्हणून त्याला उत्तरही गंभीरपणे दिलं पाहिजे.

बलुतं काय होतं? गावाचं सगळं काम करायचं, सरकारचाही निरोप पोचवायचा, वेळीअवेळी बोलावलं की हजर व्हायचं आणि मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, तो देईल ते पदरात घ्यायचं. कामाला हद्द नाही, दामाला हमी नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते यासाठीच. कामाचा ठरलेला मोबदला हवा, रोख हवा, हक्काने हवा. ते बिल तेव्हा पार पडलं नाही. वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

अमेरिकेतल्या टिपेचा इतिहासही फार वेगळा नाही. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर भागवा! पोर्टरचं नाव काहीही असो, प्रवासी त्याला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. नोकराला मालकाच्या नावाने ओळखायचं, ही गुलामगिरीचीच रीत. १९१५ साली सरकारी आयोगापुढे या पगाराची चौकशी झाली. महिन्याला साडेसत्तावीस डॉलर! कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभा होता? रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचा मुलगा. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

म्हणजे टिपेचं मूळ शोषणात आहे, हे आमच्या तरुणांचं म्हणणं खरंच आहे. पण त्यावरून 'म्हणून मी देणार नाही' हा निष्कर्ष कसा निघतो?

पुलमनच्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. बारा वर्षं झुंजून १९३७ साली कंपनीशी करार केला, पगार वाढवून घेतला, कामाचे तास कमी करून घेतले. बलुत्याविरुद्धची लढाईही बलुतं घेणाऱ्यांनी लढली. दोन्हीकडे मागणी एकच होती: मर्जी नको, पगार द्या. आता विचार करा. एखाद्या गावच्या पाटलाने 'बलुतं ही अपमानकारक प्रथा आहे, आंबेडकरांनीच सांगितलंय' असं म्हणून खळ्यावरचं धान्य द्यायचं थांबवलं असतं आणि पगारही दिला नसता, तर त्याला आपण सुधारक म्हटलं असतं का? टीप नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे. ती वाचवून शंभर डॉलर खिशात टाकणाऱ्याने त्याला तत्त्व म्हणू नये. बाबासाहेबांचं नाव कंजुषीच्या पाकिटावर चिकटवण्यासाठी नाही.

मर्जीचं दान हक्कात कसं बदलतं, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी दाखवून दिलंय. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणीमालक खूष होऊन बोनस देत होते. मग नफा कमी झाल्याचं सांगून तो बंद केला. १९२४ साली कामगारांनी मोठा संप केला. चौकशी समितीने निकाल दिला की बोनस हा कामगारांचा हक्क नाही. कामगार हरले, पण मागणी मेली नाही. १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि किमान बोनस हा हक्क झाला. पुढे हे किमान प्रमाण ८.३३ टक्क्यांवर गेलं. आज कारखान्यात दिवाळीला बोनस घेणारा कामगार मालकापुढे वाकत नाही. पण तो हक्क वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. चार वॉचमन आणि दोन सफाई कामगार ठेवणारी पुण्या-ठाण्याची हाउसिंग सोसायटी त्यात बसत नाही. म्हणून तिथे अजून पोस्तच चालते.

आता पाकीट कुणाला किती, याकडे पाहा. न्यूयॉर्कचा रूढ हिशेब साधारण असा आहे: सुपरला शंभर-दोनशे डॉलर, रोजच्या डोअरमनला पन्नास-शंभर, कधी त्याहून जास्त आणि पोर्टरला वीस-तीस. जो दारात हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो तो दिसतो. जो तळघरात तुमच्या कचऱ्याच्या पिशव्या बांधतो, तुम्ही न धुता टाकलेल्या बाटल्या वेगळ्या करतो, पहाटे तो ढीग फुटपाथवर नेऊन ठेवतो, तो दिसत नाही. अमेरिकन माणूस हे वर्गाच्या सवयीने करत असेल. आपला माणूस मात्र सोबत आणखी काहीतरी घेऊन गेलाय. घाणीला हात लावणाऱ्याला सर्वांत कमी द्यायचं, लांबून द्यायचं, त्याचं नाव विचारायचं नाही, हे शिक्षण त्याला अमेरिकेत मिळालेलं नाही. ते शिकवायला व्हिसा लागत नाही, ते घरातूनच बरोबर जातं.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे.

टीप द्या. नाताळच्या आधी द्या, रोख द्या, बंद पाकिटात द्या आणि पाकिटावर त्या माणसाचं नाव लिहा. पोर्टरला डोअरमनपेक्षा कमी देऊ नका. रात्रपाळीवाला भेटत नसेल तर त्याचं पाकीट सुपरकडे आठवणीने ठेवा. ऐपत कमी असेल तर सगळ्यांना थोडं थोडं द्या, पण कुणाला वगळू नका. रोख रकमेच्या जागी जुने स्वेटर आणि उरलेली मिठाई देऊ नका. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या उतरलेले कपडे आणि शिळे तुकडे नाकारण्यासाठी लढा दिला, त्यांच्या मुलांना हे सांगावं लागू नये. आणि दिल्यावर वर्षभर त्याची परतफेड वसूल करू नका. पाकिटाने माणूस विकत मिळत नाही.

पण पाकीट देऊन हात झटकूही नका. करार संपायच्या वेळी संघटना संपाचा विचार करते, तेव्हा इमारतीतले रहिवासी 'आमचा कचरा कोण उचलणार' म्हणून कुरकुरतात. त्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता, ही खरी परीक्षा आहे. तुमची इमारत संघटनेबाहेरच्या ठेकेदाराची माणसं ठेवत असेल, तर रहिवाशांच्या सभेत पगाराचा प्रश्न विचारा. आणि सुट्टीत पुण्याला आलात, तर तिथल्या सोसायटीतही विचारा: सफाईवाल्या ताईंना पगारी सुट्टी आहे का? त्यांनी मेन लिफ्ट वापरायची नाही, हा ठराव कुणी मांडला? दिवाळीला त्यांना एक महिन्याचा पगार बोनस म्हणून का मिळत नाही, आणि तो ठरावात लिहिलेला का नाही?

पगार पुरेसा होईल, हक्काचा होईल, तेव्हा टीप आपोआप मरेल. तोवर ती न देणारा माणूस प्रथा मोडत नाही, फक्त गरिबाचा वाटा मोडतो.

जय भीम!