टीसीएलला न जुमानणारे परजीवी

क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया हे दोन एकपेशीय परजीवी माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात वाढतात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यावाटे पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातात. आमांशाचा एन्टामिबा हिस्टोलिटिका त्यांच्याच पंक्तीतला, पण तो मुख्यतः माणसाचा. जिआर्डिया लेव्हेनहुकला १६८१ सालीच दिसला होता. क्रिप्टोस्पोरिडियमचे वर्णन टायझरने १९०७ मध्ये उंदरांवरून केले. माणसालाही तो जडतो हे मात्र १९७६ मध्ये उघड झाले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पावसाळा लागला की जुलाबाचे रुग्ण वाढतात. ‘नवं पाणी बाधलं’ म्हणून विषय संपवला जातो. बाधते ते पाणी नव्हे, पाण्यातले काहीतरी. आणि ते काहीतरी नेहमी टीसीएलने, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरीने, मरणारे असतेच असे नाही.

‘टीसीएल टाकली, ओटी पिवळी आली, पाणी शुद्ध झाले’ हा सर्वांत पक्का समज. गावचा जलसुरक्षक बादलीत पावडर कालवतो, चुना खाली बसू देतो, वरची निवळी टाकीत ओततो. मग शेवटच्या नळाचे पाणी परीक्षानळीत धरून त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले की वहीत नोंद होते. हे काम रोज व्हायलाच हवे. पटकी आणि विषमज्वराचे जंतू क्लोरीनने मरतात, म्हणून क्लोरीन बंद करा असे म्हणणारा माणूस गावाचा शत्रूच समजावा. पण ओटीचा पिवळा रंग पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे एवढेच सांगतो. पाण्यात काय जिवंत आहे, ते तो सांगत नाही.

क्रिप्टोस्पोरिडियमचा कोष साधारण ४ ते ६ मायक्रॉनचा, जाड कवचाचा. असे ९९.९ टक्के कोष मारायला दर लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन सुमारे १५,३०० मिनिटे पाण्यात राहावा लागतो. नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. त्या प्रमाणात हिशेब केला तर ७६,५०० मिनिटे लागतात, म्हणजे ५३ दिवस. गावची टाकी तर रात्री भरते आणि सकाळी रिकामी होते. जिआर्डियाचे कवच इतके चिवट नाही. तरी त्यालाही याच प्रमाणात जवळजवळ चार तास लागतात.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या, प्रक्रिया केलेल्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. तिथे क्लोरीन कमी पडला नव्हता. गाळणी कमी पडली होती आणि पाण्याचा गढूळपणा वाढला होता. कृष्णाकाठाने यातून घ्यायचे ते हेच: तुरटीने गाळ नीट बसवणे, वाळूची गाळणी वेळच्या वेळी धुणे आणि गढूळपणा रोज मोजणे ही कामे क्लोरीनच्या आधीची आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. अशा पुरात संडास, गोठे, उकिरडे आणि विहिरी यांचे पाणी एक होते. पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएलचा जादा डोस टाकून मोकळे होणे पुरेसे नाही. विहीर उपसून गाळ काढावा लागतो, आणि पिण्याचे पाणी उकळावेच लागते.

‘आमच्याकडे नदीच नाही, बोअरचे पाणी खोलवरचे, ते शुद्धच’ असे माण, आटपाडी, जत भागात म्हटले जाते. खोलीवर विसंबण्यात अर्थ नाही. इथला काळा पाषाण भेगाळलेला आहे; भेगेतून उतरणारे पाणी वाळूतून झिरपल्यासारखे गाळले जात नाही. बोअरच्या तोंडाशी जनावरे बांधली असली, तर वरचे खाली जायला फार वेळ लागत नाही. टँकरच्या पाण्याचे तर मूळच रोज बदलते.

सर्वांत घातक समज गोठ्यातला आहे. वासराला हगवण लागली की ‘दूध जास्त झालं’ असे म्हणून त्याचे दूध तोडतात. दूध जास्त झाल्याने कधी पोट बिघडते, हे खरे. पण एक ते चार आठवड्यांच्या वासराच्या पिवळ्या, पातळ हगवणीमागे जगभर क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम हे एक मोठे कारण सापडले आहे. अशा वासराच्या शेणातून अब्जावधी कोष पडतात, आणि ते पडतानाच दुसऱ्याला बाधण्याच्या स्थितीत असतात. माणसाला आजारी पाडायला त्यातले मोजके कोषही पुरतात. दूध तोडलेले वासरू आधी सुकते, मग मरते. त्याला हवे असते क्षार-साखरेचे पाणी आणि थोडेथोडे दूध. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पोटभर चीक पाजणे हे तर त्याचे पहिले औषध. खरवसाचा वाटा त्याचे पोट भरल्यावर काढावा.

‘मग दोष जनावरांचाच’ हा निष्कर्षही टिकत नाही. मिलवॉकीच्या वेळी आधी गुरांवर संशय होता. पुढे जनुकीय तपासणीत माणसात वाढणारी जात सापडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या अभ्यासांतही मुलांमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस, म्हणजे माणसाकडून माणसाकडे जाणारी जातच अधिक आढळली. तेव्हा गोठा आवरायचा तसे गावाचे सांडपाणीही आवरायचे. सांगलीत शेरी नाल्याचे पाणी कृष्णेत मिसळते ही तक्रार जुनी आहे, आणि क्लोरीन वाढवून ती मिटणार नाही.

पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची सवय चांगली. नारूचा प्रसार करणारे पाण्यातले किडे दुपदरी फडक्यात अडकत. भारत २००० साली नारूमुक्त ठरला, त्यात त्या फडक्याचा मोठा वाटा आहे. पण ते किडे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होते. पाच मायक्रॉनचा कोष फडक्यातून सहज निसटतो. त्याला एक मायक्रॉनची खात्रीची गाळणी लागते, नाहीतर अतिनील किरणांचे यंत्र; आणि हे काही नसेल तर चूल. पाण्याला खळखळून उकळी आली आणि मिनिटभर राहिली की हे तिन्ही परजीवी मरतात. इंधन परवडत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून घरातले सगळे पाणी नव्हे, तर निदान पाच वर्षांखालच्या मुलांचे, म्हाताऱ्यांचे आणि आजाऱ्यांचे पिण्याचे पाणी उकळावे. गोठ्याची फरशी उन्हात कोरडी होऊ द्यावी. हे कोष ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात, पण वाळले की मरतात. वासराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण हातांना लावायच्या सॅनिटायझरनेही क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात १० लिटर पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया अजिबात नसावेत, असे लिहिले आहे. गावात वापरली जाणारी जैविक तपासणीची कुपी मात्र जिवाणूंपुरती आहे. तिच्यात हे कोष दिसत नाहीत. शौचाच्या नेहमीच्या तपासणीतही क्रिप्टोस्पोरिडियम बहुधा हुकतो. क्षयाच्या थुंकी तपासणीसारखे आम्ल-स्थिर रंजन केले, तरच निळसर काचपट्टीवर लालबुंद गोल ठिपके उठतात. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाच घरातल्या वासराचा आणि मुलाचा नमुना एकाच आठवड्यात तपासता येईल, एवढी सोय या दोन जिल्ह्यांत आहे. आठवडा उलटूनही मुलाचे जुलाब थांबत नसतील आणि दारात हगवण लागलेले वासरू असेल, तर डॉक्टरांनी तपासणीच्या चिठ्ठीवर ‘क्रिप्टोस्पोरिडियमसाठी रंजन’ असे स्पष्ट लिहावे, आणि घरच्यांनी दारातल्या वासराची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.