तिकीट पहिल्या वर्गाचे, हक्क कोणत्या वर्गाचे?

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून फर्स्ट क्लासचा प्रवास सुरू करता येत नाही. कतार एअरवेजच्या दोहा सेवेत सर्वांत वरचा वर्ग बिझनेस क्लासचा आहे, एअर अरेबियाच्या शारजा सेवेत एकच वर्ग असतो आणि मुंबई-दिल्लीकडे जाणाऱ्या देशांतर्गत विमानांत फर्स्ट क्लास नसतोच. तरीही क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षे साठवलेले पॉइंट्स एअरलाइनच्या माइल्समध्ये वळवायचे आणि मुंबई किंवा दिल्लीहून लंडन, फ्रँकफर्ट वा सिंगापूरला फर्स्ट क्लासने जायचे, असे बेत इथल्या मध्यमवर्गीय घरांत आता गांभीर्याने आखले जातात. मुले परदेशी स्थायिक झालेल्या वयस्क आई-वडिलांसाठी तर अधिकच. या बेतामागे एक गृहीतक असते : फर्स्ट क्लासचे तिकीट हाती आले की लाउंजचा प्रवेश आणि हवी ती सीट ओघानेच येतात. वीस वर्षांपूर्वी हे गृहीतक बहुतांशी बरोबर होते. आज ते प्रत्येक तिकिटापुरते तपासून घ्यावे लागते आणि जी यंत्रणा आधीच उभी राहिली आहे ती पाहता, पुढे ते उलटण्याची शक्यता बरीच आहे.

विमानाचा वर्ग म्हणजे मुळात सेवांची एक मोट होती : आसन, जेवण, सामानाची मर्यादा, लाउंज, सीटची निवड, तारीख बदलण्याची मुभा. ही मोट सोडून प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे विकण्याची पद्धत स्वस्त इकॉनॉमी तिकिटांपासून सुरू झाली आणि वरच्या वर्गांत पोहोचली. एमिरेट्सने २०१९ मध्ये बिझनेस क्लासचे असे भाडे आणले की ज्यात लाउंजचा प्रवेश समाविष्ट नव्हता. कतार एअरवेजने २०२० च्या अखेरीस ‘लाइट’ भाड्यात लाउंज आणि मोफत सीट-निवड दोन्ही वगळले. ब्रिटिश एअरवेज बिझनेस क्लासच्या सर्वसाधारण प्रवाशाकडून आगाऊ सीट निवडण्याचे वेगळे पैसे घेते. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ज्या सेवांसाठी स्वतंत्र शुल्क आकारण्याची परवानगी दिली आहे त्यांत पसंतीची सीट आणि एअरलाइनच्या लाउंजचा वापर या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. परिणामी एकाच केबिनमध्ये शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांचे हक्क आता वेगवेगळे असू शकतात.

हे वेगळेपण प्रत्यक्षात आणणारे साधन म्हणजे बुकिंग कोड. स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात माइल्सवर दिलेली फर्स्ट क्लासची जागा ‘ओ’ या कोडखाली निघते आणि बिझनेसची ‘आय’खाली, वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात हेच कोड ‘झेड’ आणि ‘यू’ असतात. केबिन तीच असली तरी संगणकाच्या दृष्टीने हा वेगळा माल असतो. नियम कोडनिहाय लिहिता येत असल्यामुळे माइल्सच्या प्रवाशाला लाउंज द्यायचा की नाही, सीटचा नकाशा कितपत उघडायचा, हे एअरलाइन रोखीच्या प्रवाशाला जराही धक्का न लावता ठरवू शकते. आजची स्थिती वाईट आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ब्रिटिश एअरवेजच्या फर्स्ट क्लासमध्ये सीट-निवड मोफत आहे. फ्रँकफर्टमधले लुफ्तान्साचे २००४ पासूनचे फर्स्ट क्लास टर्मिनल त्या एअरलाइनच्या फर्स्ट क्लासने निघणाऱ्या माइल्सच्या प्रवाशालाही खुले असते. पण बिझनेस क्लासमध्ये जे करून झाले ते फर्स्ट क्लासमध्ये करण्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही. दुसरा मार्गही वापरात आला आहे : एमिरेट्सने २०२५ मध्ये माइल्सवरील फर्स्ट क्लास सिल्व्हर किंवा त्यावरील दर्जाच्या सदस्यांपुरता मर्यादित केला.

एअरलाइन्स असे का करतील, याचे उत्तर पॉइंट्सच्या अर्थकारणात आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ‘एअ‍ॅडव्हान्टेज’ हा माइल्सचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा रिकामी जाणारी आसने नेहमीच्या प्रवाशांना देणे हा हिशोब होता. पुढे बँका एअरलाइन्सकडून माइल्स घाऊक विकत घेऊ लागल्या आणि माइल्स विकणे हा स्वतंत्र, बराच फायदेशीर व्यवसाय बनला. करोनाकाळात युनायटेडने आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून सुमारे ६.८ अब्ज डॉलर आणि डेल्टाने सुमारे ९ अब्ज डॉलर उभे केले, यावरून त्या व्यवसायाचे आकारमान कळते. म्हणजे माइल्स हे एक खासगी चलन आहे आणि ते छापणारी संस्थाच त्याचे मूल्य ठरवते. चलनाचा पुरवठा कार्डावरील खर्चाच्या वेगाने वाढतो. याउलट लांब पल्ल्याच्या विमानात फर्स्ट क्लासची आसने साधारण चार ते चौदा असतात आणि नव्या विमानांत ती कमीच होत आहेत. एअर इंडियाच्या ए-३५० विमानांत फर्स्ट क्लास नाहीच.

वाढते चलन आणि आटता माल यांचा मेळ घालण्याचे तीन मार्ग संभवतात. तिकिटासाठी लागणारे माइल्स वाढवता येतात, माइल्सवर सोडायच्या जागा कमी करता येतात, किंवा तिकिटात मिळणाऱ्या सेवा कमी करता येतात. पहिला मार्ग दरपत्रकात दिसतो आणि टीका ओढवतो. दुसरा शोध घेताना जाणवतो. तिसरा मात्र माइल्स वळवून झाल्यावर, अनेकदा विमानतळावर पोहोचल्यावरच कळतो. एअरलाइनसाठी तो सर्वांत कमी बदनामीचा आहे आणि म्हणूनच प्रवाशासाठी सर्वांत धोक्याचा.

भारतीय कार्डधारकाने या अवमूल्यनाची चव घेतलेली आहे. अ‍ॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डावरील पॉइंट्स माइल्समध्ये वळवण्याचे प्रमाण १ सप्टेंबर २०२३ पासून ५:४ वरून ५:२ झाले, म्हणजे साठ्याचे मोल निम्मे झाले. एचडीएफसीच्या ‘रिगालिया’ कार्डावर १ डिसेंबर २०२३ पासून लाउंजसाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट आली. कार्डावरील लाउंजप्रवेश बँक, कार्ड नेटवर्क, मध्यस्थ कंपनी, लाउंजचालक आणि विमानतळचालक अशा साखळीवर अवलंबून असतो आणि त्यांतील फक्त बँकेशी ग्राहकाचा थेट करार असतो. ही साखळी किती ठिसूळ आहे हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसले : देशांतर्गत लाउंजसेवेतील प्रमुख मध्यस्थ असलेल्या ड्रीमफोक्सने तो व्यवसायच थांबवल्याचे जाहीर केले. तिकिटात लाउंज नसला तरी कार्डावर मिळेलच, हा आधारही त्यामुळे पुरेसा उरत नाही.

नागपूरच्या प्रवाशावर या साऱ्याचा भार अधिक पडतो, कारण त्याचा प्रवास अटळपणे दोन तुकड्यांचा असतो. नागपूर-मुंबईचा टप्पा वेगळ्या तिकिटावर काढला, तर त्या टप्प्यापुरता तो साधा इकॉनॉमीचा प्रवासी ठरतो. मुंबईत त्याचे विमान टर्मिनल १ वर उतरले, तर सामान ताब्यात घेऊन टर्मिनल २ गाठावे लागते. पहिले विमान रखडून दुसरे चुकले, तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तो केवळ न आलेला प्रवासी असतो. शिवाय हुकण्याची भीती टाळण्यासाठी मधे बरेच तास ठेवावे लागतात. सत्तरीच्या प्रवाशासाठी त्या तासांत लाउंज ही चैन नसते. तिथे पाठ टेकता येते, औषधे वेळेवर घेता येतात, स्वच्छतागृह जवळ असते.

सीटच्या बाबतीत अडचण निराळी आहे. भागीदार एअरलाइनच्या माइल्सवर काढलेल्या तिकिटाला सहसा दोन पीएनआर, म्हणजे आरक्षणाच्या दोन नोंदी, असतात : तिकीट देणाऱ्या एअरलाइनचा आणि प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या एअरलाइनचा. निवडलेली सीट दुसऱ्या नोंदीत पक्की झाली नसेल, किंवा विमानाचा प्रकार बदलला, तर ती सुटते आणि दोन्ही एअरलाइन्स एकमेकींकडे बोट दाखवू शकतात. बदललेल्या विमानात फर्स्ट क्लासच नसेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या डीजीसीएच्या नियमानुसार खालच्या वर्गात बसवलेल्या प्रवाशाला देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत मिळते. परंतु ज्या तिकिटासाठी रुपयांत फक्त कर आणि अधिभार भरले आणि उरलेली किंमत माइल्समध्ये दिली, त्याची ‘किंमत’ कोणती धरायची? नियमाची भाषा रोखीच्या तिकिटाची आहे आणि माइल्सचे मोल ठरवण्याचा अधिकार पुन्हा एअरलाइनकडेच जातो.

कायद्याची इतर दारे उघडी आहेत, पण अरुंद. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, मात्र त्यासंबंधीची तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगापुढे किंवा राष्ट्रीय आयोगापुढे न्यावी लागते. राज्य आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे, ही त्यातल्या त्यात सोय. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाच्या शुल्कातील बदलाची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते. पॉइंट्सच्या मोलात होणारी घट ग्राहकाच्या दृष्टीने शुल्कवाढीइतकीच खरी असते आणि तिलाही तीच शिस्त तितक्याच स्पष्ट शब्दांत लागू व्हायला हवी.

यातून वैयक्तिक पातळीवर निघणारे निष्कर्ष मर्यादित पण ठाम आहेत. पॉइंट्स ही बचत मानू नये. ते साठवून ठेवण्यात व्याज नाही आणि अवमूल्यनाची जोखीम मात्र पूर्ण आहे. किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली तेव्हा तिच्या सदस्यांना हे पूर्ण कळले. माइल्समध्ये वळवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत, म्हणून वळवण्यापूर्वीच उड्डाण करणारी एअरलाइन कोणती, तिकिटाच्या बुकिंग कोडच्या अटींत लाउंज लेखी आहे का, सीट त्या एअरलाइनच्या पीएनआरमध्ये पक्की होते का आणि नागपूरचा टप्पा त्याच तिकिटात बसतो का, हे पाहावे.

धोरणाच्या पातळीवर दोन गोष्टी आवश्यक वाटतात : प्रत्येक ई-तिकिटावर, मग ते माइल्सचे का असेना, समाविष्ट सेवांची यादी बंधनकारक करणे आणि वर्ग घसरल्यास परतावा माइल्समध्येही त्याच टक्केवारीने ठरवून देणे. ही मागणी मूठभर फर्स्ट क्लास प्रवाशांपुरती समजू नये. सीट-निवडीचे शुल्क रूढ झाल्यावर लहान मुले पालकांपासून वेगळी बसवली जाऊ लागली आणि अखेर एप्रिल २०२४ मध्ये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी बसवावे, असा आदेश डीजीसीएला काढावा लागला. तिथे नियामक प्रथा रुजल्यानंतर जागा झाला. माइल्सच्या तिकिटांत ती प्रथा अजून पुरती रुजलेली नाही, म्हणून नियम करण्याची वेळ आताची आहे.