दहा दिवसांचे पाहुणे

वाडी तेव्हा ग्रामपंचायतीची होती. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं उभी राहत होती आणि त्यांच्या मागं हमालांची वस्ती वाढत होती. एका हिवाळ्यात त्या वस्तीत परदेशातल्या मिशनची पोरं-पोरी आली. मुक्काम दहा दिवसांचा. मला चार इंग्रजी वाक्यं जुळवता येत, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्या आठवड्याबद्दल माझी तक्रार नाही. भांडण आहे ते शेवटच्या तीन दिवसांशी.

आठव्या दिवशी त्यांनी बालवाडीच्या भिंती रंगवायला घेतल्या. समोरच्या ओट्यावर वस्तीतलाच एक रंगारी बिडी ओढत बसला होता. महिनाभर त्याच्या हाताला काम नव्हतं. "भाऊ, यायले सांग ना, भितीले ओल हाय अजून. रंग धरत नाही," तो म्हणाला. मी सांगितलं. ते गोड हसले, 'थँक्यू' म्हणाले आणि रंगवत राहिले. पावसाळ्यात त्या भिंतीचे पोपडे निघाले. एकाच्या विमानाच्या तिकिटात त्या रंगाऱ्याचं वर्ष निघालं असतं.

वस्तीतलं बोरिंग बंद होतं. बायांनी ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, मी भाषांतर केलं होतं, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. नवव्या दिवशी लेकरांना खाऊ आणि वह्या वाटल्या गेल्या, तेव्हाही बाया गोदामाच्या नळावरून गुंड भरून आणत होत्या. बोरिंगात भावपूर्ण असं काही नसतं. फोटोत ते चांगलं दिसत नाही.

दहाव्या रात्री निरोप झाला. गाणी झाली, गळाभेटी झाल्या, पाहुणे ओक्साबोक्शी रडले. रडणं खरंच होतं, ढोंग नव्हतं. सकाळी जीप गेली. पाच वर्षांची एक पोरगी त्यानंतर तीन दिवस रोडच्या कडेला जाऊन बसायची. तिची आजी मला म्हणाली, "लेकराले लळा लावाचा अन् निंगून जाचं, हे कोनतं पुन्न व्हय बाप्पा?" याचं भाषांतर करायला समोर कोणी उरलं नव्हतं.

गावातल्या काहींनी तेव्हा वेगळीच बोंब मारली होती, 'धर्म बाटवतात' म्हणून. मला ती बोंब खोटी वाटते. दहा दिवसांत धर्म बदलत नाही, दहा दिवसांत माणसाचं नावसुद्धा नीट उच्चारता येत नाही. बोंब मारणाऱ्यांपैकीही कोणी बोरिंग दुरुस्त केलं नाही.

मिशनरी नागपूरला नवे नाहीत. स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून इथं आला. त्यानं शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांची गाणी आणि शब्द टिपून ठेवले. ते कागद त्याच्या मागं रिचर्ड टेंपलनं 1866 मध्ये छापले. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेला असताना तो पुराच्या ओढ्यात बुडाला. त्याचा धर्मप्रचार तुम्हाला पटो न पटो. माझा तर त्याच्याशी वादच आहे. पण वाद घालायला समोर माणूस लागतो. इथल्या पोरांना शिकवणाऱ्या, इथल्या पुरात मरणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. परतीचं तिकीट खिशात ठेवून आलेल्याशी काय घालणार?

कोणी म्हणेल, त्यांची भावना तर चांगली होती ना? होती. पण भावना त्यांची आणि वाट पाहणं त्या पोरीचं, असा हा हिशेब आहे. यायचं तर आधी विचारून या, भाषा शिकून या, वर्षभर राहा. तेवढं जमत नसेल तर रंगाऱ्याची मजुरी आणि बोरिंगचा खर्च पाठवा. वस्ती नाव ठेवणार नाही.

आणि हे फक्त गोऱ्यांना लागू नाही. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला मीही गेलो होतो. श्रमदानानं रस्ता केला, शेकोटीभोवती गाणी म्हटली, शेवटच्या दिवशी रडलोही. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "परत येसान ना रे पोट्टेहो?" आम्ही सगळे एका आवाजात 'हो' म्हणालो.

त्या गावाला मी अजून गेलेलो नाही.