दप्तर जागेवरच होतं

गेल्या दिवाळीत नातवानं माझ्या जुन्या संगणकात हौसेनं नवं विंडोज भरून दिलं. यंत्र झकास सुरू झालं. फक्त 'डी' नावाचा कप्पा दिसेना. 'सी' होता, 'डी' नव्हता. नातू म्हणाला, "आजोबा, बाकी सगळं बरोबर आहे." बाकी सगळं म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं. माझं जे काही होतं, ते त्या 'डी'मध्येच होतं.

कादंबरीची अडीचशे पानं होती. ती गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. माझ्या कादंबऱ्यांवाचून कुणाचं अडलेलं नाही. पण त्याच कप्प्यात आईच्या ओव्या होत्या. बँकेत लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी टेपरेकॉर्डर घेतला होता. सुट्टीत गावी गेलो की जात्यापाशी तो ठेवून द्यायचो. अशा अकरा कॅसेट भरल्या. पुढे त्यांना बुरशी लागायला लागली, म्हणून एका जाणकाराकडून सगळ्या संगणकात उतरवून घेतल्या आणि कॅसेट भंगारात दिल्या. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं मूळ कागद फाडून एकुलत्या एका नकलेवर विसंबावं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी लातुरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोरगा चुणचुणीत होता. "काका, फॉरमॅट मारून देतो. डिस्क एकदम नवी होईल." त्याचा दोष नाही. त्याच्यासाठी ती डिस्क म्हणजे माल, माझ्यासाठी दप्तर. मी 'थांब जरा' म्हणालो आणि बाहेर येऊन नांदेडला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी यंत्र बंद करा. त्याच्यावर एक अक्षरसुद्धा लिहू नका. आणि एसटीनं घेऊन या."

वजिराबादेतल्या त्याच्या खोलीत बसून मला जे कळलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये ६४ बाइट्सचा एक तक्ता असतो. त्यात चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट्सच्या. कुठला कप्पा कुठून सुरू होतो आणि केवढा आहे, एवढंच तिथं लिहिलेलं. ती नोंद पुसली गेली की कप्पा दिसत नाही, संगणक ती जागा रिकामी समजतो. पण आतला मजकूर बहुतेक वेळा जिथल्या तिथं असतो. सातबाऱ्यावरून नाव उडालं म्हणून शेत थोडंच नाहीसं होतं? धोका वेगळाच असतो. जागा रिकामी आहे असं समजून दुसरं कुणी तिथं नांगर घालतं. माझा पोरगा 'फॉरमॅट मारतो' म्हणाला, तो नांगरच.

नव्या पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. हे ऐकून मला हसू आलं. आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात असत आणि त्यांचा दुसरा जोड दुसऱ्याच शाखेत. नव्यानं रुजू झालेल्यांना ही कटकट वाटे. मलाही वाटे, १९९३ सालापर्यंत.

त्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा लातूर भागातच होतो. काही दिवसांनी लोक शाखेत येऊ लागले. हातात काही नाही. पासबुक ढिगाऱ्याखाली, रेशनकार्ड ढिगाऱ्याखाली. एक बाई काउंटरपाशी नुसती उभी राहिली. नवऱ्याचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, पुढं बोलेना. आम्ही लेजर उघडलं. खातं होतं, शिल्लक होती, कार्डावर त्याची सही होती. सहीवर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पैशाची विचारणा तिनं नंतर केली. घरातलं सगळं गेलं तरी त्या माणसाचं अक्षर आमच्या कपाटात राहिलं होतं, कारण ते दुसऱ्या जागी होतं.

नोंद हरवणं आणि दप्तर हरवणं यातला फरक मराठवाड्याला तरी नवा नाही. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या नोंदी शोधत होती. त्या मागणीच्या राजकारणात मला इथं शिरायचं नाही. पण रुमालात बांधलेले कागद होते आणि त्यातली उर्दू नि मोडी वाचणारे शोधावे लागत होते, हे आपण पाहिलं.

असो. भाच्यानं आधी डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि नकलेवरच काम केलं. अस्सल दस्तऐवजावर खाडाखोड करायची नाही, हा नियम त्याला बँकेत न जाताच ठाऊक होता. 'टेस्टडिस्क' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हरवलेल्या कप्प्याची सीमा शोधतं; आमचा कप्पा त्यानं पूर्ण उभा राहिला नाही, कारण नव्या विंडोजनं काही जागा बळकावली होती. मग त्याचंच भावंड 'फोटोरेक' चालवलं. ते फायली उचलून आणतं, पण नावाशिवाय. आणि हे सगळं फिरत्या जुन्या डिस्कवर जमलं. हल्लीच्या एसएसडीत पुसलेली जागा यंत्र स्वतःच साफ करून टाकतं. तिथं फारशी आशा धरू नये. फोटो, आवाज, आजारपणाचे कागद, सगळं एकाच डबीत ठेवणाऱ्या घरांनी हे आजच मनावर घ्यावं. एक प्रत घरात, एक लेकीकडे. फार खर्चाचं काम नाही.

शेवटी शेकडो बिननावी फायली हाती आल्या. अकरा कॅसेटपैकी सात सापडल्या, त्याही तुकड्या-तुकड्यांत. कुठला तुकडा कधीचा, मला सांगता येईना. भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरातून आली आणि भुईवर बसून ऐकू लागली.

"हे आधीचं आहे," एका तुकड्याला ती म्हणाली.

"कशावरून, अक्का?"

"मागं तात्यांचा खोकला ऐकू येतोय की."

भाच्यानं त्या फायलीला नाव दिलं आणि पुढची लावली.